रुमाना सोडून सगळ्यांचे आवाज

अक्षताने पाठीमागून हाक मारली आणि नूरीनने मान वळवली.

घडलं ते एवढंच, पण घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. नूरीनचा बाप अजीम ग्रीसने माखलेली चिंधी हातात घेऊन दारातच थबकला. आजी सुरय्याच्या हातातलं धान्याचं सूप हलायचं थांबलं. खाली शेडमध्ये पत्रा कापायचा प्रेस नेहमीसारखा धडधडत होता, त्याच्या ठोक्यासरशी फडताळातली भांडी किणकिणत होती, आणि एवढ्या गदारोळात अडीच वर्षांची पोर प्लास्टिकच्या वाट्या सोडून मागे वळून बघत होती. आजवर तिने कुणाच्या हाकेला मान वळवली नव्हती. वळवली ती अक्षताकडे.

सुरय्याने पदराने डोळे पुसले. अजीम हसत सुटला. रुमानाही हसली, हसावंच लागलं. मग चहा ठेवायच्या निमित्ताने ती आत गेली आणि गॅस न पेटवताच ओट्याजवळ उभी राहिली. लेकीला ऐकू आलं याचा आनंद झालाच होता तिला, खोटं कशाला बोला. पण त्या आनंदाच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं आणि ते हलायला तयार नव्हतं. सांगलीच्या दवाखान्यात कानाच्या तपासणीच्या त्या बंद खोलीत पोर मांडीवर घेऊन श्वास रोखून कोण बसलं होतं? कानामागची यंत्रं नूरीनने काढून फेकली की पलंगाखाली वाकून शोधायची कुणी? आणि मान वळली ती सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळच्या एसटीने जाणाऱ्या बाईकडे.

बाहेरून अजीमचा आवाज आला, "अक्षता मॅडम, आता तुमी जायाचं न्हाई. हितंच ऱ्हावा." आणि अक्षताचं ते मोठं, मोकळं हसणं. खाली प्रेस चालू असूनही ओट्यापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

रुमाना आणि अक्षता साताऱ्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोघींनी मिळून केला होता, फोनवरच्या बोलण्यातला मागचा गोंगाट कमी करणारा प्रोग्रॅम. मिळून म्हणजे काय, सर्किट अक्षताने जोडलं, सरांपुढे उभं राहून बोलली अक्षता, पण प्रोग्रॅम लिहिला होता रुमानाने. आवाज म्हणजे शेवटी आकड्यांची रांग, सेकंदाला हजारो आकडे, ही गोष्ट अक्षताला पहिल्यांदा पटवली ती रुमानानेच. एवढी लांब रांग एकदम बघता येत नाही, म्हणून तिचे बारीक बारीक तुकडे करायचे. तुकडा नुसता कचकन कापला तर जोडावर 'टक्' असा आवाज येतो. अक्षताला ते काही केल्या कळेना. तेव्हा रुमानाने हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून तिला सांगितलं होतं, चपातीची कड लाटताना दाबून पातळ करतो ना, तशा प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडा पातळ करायच्या, मग एकावर एक ठेवले तरी जोड दिसत नाही. अक्षता टेबलावर हात मारून म्हणाली होती, "असं सांग की मग. सर काय फळ्यावर रामायण लिहीत बसलेत."

पुढे रुमानाने पुण्यात वर्षभर नोकरी केली, मग लग्न होऊन कुपवाडला आली, मग नूरीन झाली. अक्षता मात्र त्या आकड्यांच्या रांगेला धरूनच राहिली. आता ती साताऱ्यातल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी आवाजाचे प्रोग्रॅम लिहिते. नूरीनला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं हे कळलं, कानामागे यंत्रं बसली, तेव्हा कुणीही न बोलावता तिचा फोन आला.

घरची अडचण वेगळीच होती. खाली शेड, वर घर. सासरे जैनुद्दीन आणि नवरा अजीम मिळून पत्र्याचे वॉशर पाडायचा धंदा करत. प्रेस सकाळी सुरू झाला की संध्याकाळीच बंद व्हायचा, रविवार नाही की काही नाही, फक्त शुक्रवारी नमाजपुरता थांबायचा. कानातलं यंत्र बिचारं आवाज मोठा करतं, पण कुणाचा मोठा करायचा हे त्याला काय ठाऊक? ते आधी प्रेसच मोठा करायचं. नूरीन कानशिलं ओरबाडून रडायची आणि प्रेस थांबल्यावर, शांततेत, वैतागून यंत्रं कानावर ठेवूच द्यायची नाही.

अक्षताने तोड काढली. एक जुना फोन भिंतीच्या फळीवर ठेवायचा. त्याने खोलीतला आवाज ऐकायचा, प्रेस गाळायचा आणि उरलेलं बोलणं तेवढं नूरीनच्या कानातल्या यंत्रांना पाठवायचं. फोन जोडला की यंत्रांचे स्वतःचे माइक बंद, म्हणजे पोरीच्या कानात जे जाईल ते फोन पाठवेल तेवढंच. दवाखान्यातल्या बाईंनाही विचारून घेतलं, त्या म्हणाल्या चालेल, पण रोज दोन वेळा बसा, पाठीमागून हाक मारा, तोंड दाखवू नका, हात लावू नका, बघा वळते का.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी अक्षताने नमुने मागितले होते. नुसता प्रेस रेकॉर्ड कर, मग घरातला एकेक माणूस नूरीनला जशी रोज हाक मारतो तशी मारू दे, ते पाठव. रुमानाने प्रेस रेकॉर्ड केला. अजीमला उभं केलं. सुरय्याने दोनदा घसा खाकरून हाक मारली. जैनुद्दीन तर फोन पुढे धरल्यावर लाजून लाल झाले आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. राहिली रुमाना. फोन हातात घेऊन ती घटकाभर बसली आणि तिच्या मनात आलं, आईचा आवाज लेकराला कळायला नमुना लागतो होय? आणि माझी हाक अक्षताने कॉम्प्युटरवर घालून मापायची? कॉलेजात मी हिला शिकवलं. तिने तो नमुना पाठवलाच नाही. अक्षताने विचारलं, सगळ्यांचे आले ना? रुमानाने उत्तर दिलं, हो, सगळ्यांचे.

प्रोग्रॅम आला आणि त्याच रविवारी नूरीनने मान वळवली.

मग एकेकाचा नंबर लागला. बुधवारी अजीमच्या हाकेला वळली. दोन दिवसांनी सुरय्याच्या. जैनुद्दीननी तर एकदा जिन्यातूनच साद घातली आणि पोर वळून जिन्याकडे धावली, म्हातारा दिवसभर गिऱ्हाइकांना तेच सांगत होता. रुमाना रोज सकाळी आणि दुपारी नूरीनच्या मागे बसायची. पोरीच्या पाठीवरची छोटी वेणी, कानामागची ती गुलाबी यंत्रं, वाट्यांवर वाट्या चढवणारे हात. ती हाक मारायची. वेणी हलायची नाही. ती पुन्हा हाक मारायची. नूरीन वाट्या रचत राहायची.

शेवटी तिला राहवायचं नाही, ती पोरीच्या खांद्याला हात लावायची. मग नूरीन वळायची, हसायची, गळ्यात पडायची. ते काही हाकेला वळणं नव्हे.

अजीमने तिची समजूत घालायची म्हणून एकदा म्हटलं, "आगं, तू सारखी तिच्या जवळच असतीस न्हवं, म्हणून वळत न्हाई. वळून बघायला माणूस लांबचं लागतंय." तो चांगल्या मनानेच बोलला. पण रुमानाने ते दिवसभर मनात घोळवलं. म्हणजे लांबची व्हायचं का आता मी? अक्षतासारखी, रविवारची?

ती अक्षतावर लक्ष ठेवू लागली. अक्षता कशी बसते, काय घालते, नूरीनच्या किती जवळ जाते. अक्षता पिशवीतून लाल चेंडू आणायची, दुसऱ्या रविवारी रुमानाने लाल चेंडू आणून ठेवला. अक्षता हाक मारण्याआधी जरा थांबते, रुमानाही थांबू लागली. अक्षताच्या अंगाला कसल्यातरी साबणाचा वास येतो म्हणून रुमानाने साबणही बदलला. स्वतःचंच तिला हसू आलं, जिचा कान अधू आहे तिला आपण नाकाने फसवायला निघालो. पण साबण संपेपर्यंत वापरला.

अक्षता जाताना दर वेळी म्हणायची, "कोड तुला पाठवलाय गं. एकदा नजर घाल. तुझ्याइतकं त्यातलं कळतंय कुणाला?" रुमानाला ते वाक्य आंब्याच्या धाग्यासारखं दातात अडकायचं. दया करते ही माझ्यावर. तिने ती फाइल उघडली नाही. लॅपटॉप कपाटात वरच्या खणात, रजईखाली, होता तसाच राहिला.

महिना उलटल्यावर ती नूरीनला घेऊन चार दिवस माहेरी साताऱ्याला गेली. किल्ल्याखालच्या गल्लीतलं ते घर, खिडकीतून येणारी वाऱ्याची झुळूक, आणि आई. गेल्या गेल्या मायलेकींच्या गप्पा सुरू झाल्या त्या शेजारणीने खिडकीतून डोकावून "आली वाटतं रुमाना" म्हणेपर्यंत. दुसऱ्या दिवशी अक्षता लॅपटॉप घेऊन आली, फोन फळीवर ठेवला, आणि म्हणाली, आज तू हाक मार, मी नुसती बघते.

रुमाना नूरीनच्या मागे बसली. आत आई काहीतरी विचारत होती, तिला इथूनच मोठ्याने उत्तर देता देता तिने पोरीला हाक मारली, "नूरीन."

वेणी हलली. पोर वळली आणि आईकडे बघून खुदकन हसली.

रुमाना ढसाढसा रडली. अक्षताही रडली. मग डोळे पुसता पुसता रुमानाचं लक्ष अक्षताच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे गेलं. त्यावर कसल्यातरी रेघा पळत होत्या आणि अक्षताची बोटं कीबोर्डवर होती.

"काय करतीस गं?" तिने विचारलं.

"काय नाही, नुसतं बघत होते."

कुपवाडला परत आल्यावर पहिल्याच सकाळी रुमाना उत्साहाने नूरीनच्या मागे बसली. प्रेस सुरू झाला होता. तिने हाक मारली. वेणी हलली नाही. दुपारी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आणि रविवारी अक्षता आली, पायरीवर चपला काढता काढता तिने "काय नूरीनबाई" म्हटलं, की पोर उठून पळत गेली.

तेव्हा रुमानाच्या मनात तो विचार पहिल्यांदा आला. साताऱ्यात ही शेजारी बसली होती, तर माझी हाक पोहोचली. इथे ही नसते, तर पोहोचत नाही. लॅपटॉपवर हिची बोटं काय करत होती? प्रोग्रॅम हिचा, फोन हिच्या ओळखीचा. स्वतःची हाक तेवढी आत सोडायची आणि माझी अडवायची, दोन ओळींचं काम आहे. का करील ती असं? का नाही करणार? लग्न नाही, पोर नाही, रविवारी रविवारी येऊन दुसऱ्याच्या पोरीला गळ्यात घेते. इतकं वाईट आपण मैत्रिणीबद्दल चिंततोय याची लाज वाटली तिला, पण विचार गेला नाही. लाज आणि विचार दोन्ही शेजारी शेजारी राहिले.

त्यात अजीमने मंगळवारी जेवताना विषय काढला. नूरीनला दोन-तीन महिने साताऱ्याला ठेवायचं का? तुझी आई हाय, अक्षता मॅडम रोज संध्याकाळी बसतो म्हणाल्यात. प्रेसचा तरास न्हाई. तितं वळती न्हवं पोरगी.

"तुमी त्यांच्याशी बोलला पण?" रुमाना म्हणाली.

"सहज फोनवर निघालं. तू पण जा की चार-आठ दिवसांनी भेटायला." मग तिचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "न्हाईतर तू पण ऱ्हा तिकडंच. पण हितं अम्मीचे गुडघे, आब्बांचं जेवण..." सुरय्या ताटात बघत होती. ठरल्यासारखंच होतं ते. पुढच्या रविवारी अक्षता आली की तिच्याबरोबर जायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूरीन झोपल्यावर रुमानाने रजईखालून लॅपटॉप काढला. अक्षताला पकडायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुरावा हातात घ्यायचा आणि रविवारी अजीमच्या पुढ्यात ठेवायचा.

फाइल उघडली. पहिल्या पंधरा मिनिटांत तिला दोन गोष्टी कळल्या. एक, कोड चांगला होता. दुसरी, तुकड्यांच्या कडा पातळ करायची जी ओळ होती ती जशीच्या तशी तिचीच होती, कॉलेजातली, तिने दिलेल्या नावासकट. अक्षताने ते नावही बदललं नव्हतं. रुमानाने ती ओळ वाचली आणि घाईने पुढे गेली.

कुणाच्या नावाची हाक आत सोडायची, कुणाची नाही, असं काही कुठे नव्हतं. प्रोग्रॅमला माणसं ठाऊकच नव्हती. तो सुरुवातीला थोडा वेळ गप्प राहून खोली ऐकायचा, त्या वेळात जे ऐकू येईल तो सगळा गोंगाट समजायचा आणि त्याच्या वर एक रेघ मारायचा. रेघेच्या वरचा आवाज तो मागचा प्रेस पुसून पुढे पाठवणार, रेघेखालचा अडवणार. यातले लोक त्याला गेट म्हणतात, आणि हे गेट नुसतं लोटलेलं नव्हतं, कडीकुलपाचं होतं. रेघेखालच्या आकड्यांना सरळ शून्याने गुणलं होतं. बरोबरच होतं म्हणा, थोडा जरी प्रेस गळला असता तरी पोरगी रडली असती. रेघ गोंगाटाच्या किती वर मारायची, तो आकडा अक्षताने घरच्यांचे नमुने बघून ठरवला होता. त्यातला सगळ्यात बारीक आवाज सुरय्याचा. त्याच्या जरा खाली.

सुरय्याचा आवाज बारीक? रुमानाला हसू येणार होतं. तीस वर्षं प्रेसच्या वर ओरडून बोललेली बाई ती. या घरात सगळेच ओरडून बोलत, त्यांना ते ओरडणं वाटतच नसे. ओरडत नव्हती ती एकटी सून. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुरय्याने तिला जवळ बसवून सांगितलं होतं, खाली गिऱ्हाईक असतंय, सासरा असतोय, सुनेचा आवाज जिन्याखाली जाऊ नये. रागाने नव्हतं सांगितलं, आपल्या सासूने सांगितलेलं पुढे दिलं होतं. रुमानाने ते अंगवळणी पाडून घेतलं. कुणाला काही सांगायचं तर ती उठून त्या माणसाजवळ जायची, कोपराला हात लावायची आणि हळू सांगायची. इतकं सवयीचं झालं होतं की आपण हळू बोलतो हे तिला कधी जाणवलंही नव्हतं.

तिने हेडफोन कानाला लावले, प्रोग्रॅम सुरू केला. खाली प्रेस चालू होता. हेडफोनमध्ये प्रेस नव्हता, छान स्वच्छ शांतता होती. आतून सुरय्याने विचारलं, "भाकरीचं पीठ काढलंस का गं?" तो आवाज कानात आला, गोल, स्पष्ट, जणू सासू कानाशी बसली आहे.

मग रुमानाने रोज मारते तशी हाक मारली. नूरीन.

काही नाही.

हेडफोनची वायर निघाली असेल म्हणून तिने बघितली. निघाली नव्हती. ती परत म्हणाली, नूरीन. तिचे ओठ हलले, गळ्यात आवाज उमटलेला तिला जाणवला, पण कानात कुणीच बोललं नाही. पडद्यावर तिच्या हाकेची बारीकशी लाट उठली, रेघेच्या खालीच राहिली आणि पुढच्या चौकटीत तिच्या जागी सपाट ओळ आली. ती कितीतरी वेळ तिथे बसून लेकीला हाका मारत होती आणि लेकीला काय ऐकू येतं ते ऐकत होती.

अक्षताने काहीच केलं नव्हतं. साताऱ्यात प्रेस नव्हता म्हणून रेघच खाली होती, आणि माहेरी ती मोठ्याने बोलत होती. अक्षताला रुमानाचा आवाज मिळालाच नव्हता.

तिने आधी सोपा उपाय करून बघितला. नूरीन उठल्यावर तिला वाट्या दिल्या, फळीवरचा फोन लॅपटॉपला जोडला आणि रेघ खाली ओढली, स्वतःच्या आवाजाच्या खाली. लगेच गेट उघडं पडलं आणि खोलीतला सगळा प्रेस पोरीच्या कानात शिरला. नूरीन किंचाळली, दोन्ही हातांनी यंत्रं उपसू लागली. रुमानाने धडपडत रेघ परत वर नेली, पोरीला छातीशी धरून डोलवत राहिली. रेघ खाली आणता येणार नव्हती. निदान आज नाही.

नूरीन शांत झाली, वाट्यांकडे वळली. रुमाना तिच्या मागे, रोजच्या जागी बसली. लॅपटॉप समोर उघडा.

पहिल्यांदा तिने जरा मोठ्याने हाक मारली. तिला वाटलं आपण ओरडलोच. लाट रेघेला शिवून खाली आली. खाली जिन्याच्या तोंडाशी कुणाचातरी आवाज होता, गिऱ्हाईक असावं, जैनुद्दीन त्याला भाव सांगत होते. रुमाना थांबली. तो माणूस जाऊ दे, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, रविवारी अक्षता येणार, हाताला धरून पोरीला एसटीत बसवणार, आणि आपण इथे ओट्याजवळ उभं राहणार.

तिने पोटातून हवा घेतली, साताऱ्यात गल्लीच्या टोकाला असलेल्या भावाला लहानपणी जेवायला बोलवायची तशी.

"नूरीन!"

ती हाक खोलीतून निघाली, जिन्यावरून उतरली आणि शेडमध्ये गेली. खाली कुणीतरी प्रेस थांबवला.

नूरीनने मान वळवली. आधी दाराकडे, जिथे अक्षता चपला काढते तिकडे. दारात कुणी नव्हतं. पोर गोंधळली. मग तिने मागे बघितलं, आईचं तोंड अजून उघडंच होतं, त्या तोंडाकडे ती बघत राहिली. या घरात हे तोंड जवळ यायचं, हलायचं आणि त्यातून काही निघायचं नाही. रुमानाने पुन्हा तेवढ्याच मोठ्याने हाक मारली. नूरीन डोळे मोठे करून उठली, दोन पावलं चालत आली आणि तिने आईच्या ओठांवर आपला तळवा ठेवला.

जिन्यावर पावलं वाजली. जैनुद्दीन पुढे, अजीम मागे, दोघांचेही हात काळे.

"कोण पडलं?" जैनुद्दीन म्हणाले.

"कोण न्हाई, आब्बा. नूरीनला हाक मारली." आणि ती आवाज खाली न आणता म्हणाली, "रोज मारणार हाय आता. अशीच."

म्हातारा नातीकडे बघत राहिला. नूरीनचा हात अजून रुमानाच्या तोंडावर होता, रुमाना बोलली तसे तिने तिचे ओठ चिमटीत धरले होते. जैनुद्दीन म्हणाले, "मारा की मग. मला वाटलं प्रेसखाली कुणाचा हात आला." ते वळून उतरू लागले आणि खालून त्यांचा आवाज आला, गिऱ्हाइकाला सांगत होते, काय न्हाई, सून हाय आमची.

सुरय्या दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. तिने सुनेकडे बघितलं, नातीकडे बघितलं. "एवढा आवाज हाय व्हय गं तुला," ती म्हणाली, "आणि माझ्या कोपराला हात लावून लावून मीठ मागतीस." आणि आत गेली.

अजीमला सगळं समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा तो पोरीला उचलून नाचायला लागला आणि नाचता नाचता त्याने खिशातून फोन काढला. अक्षता मॅडमना सांगतो, म्हणाला.

रुमानाने त्याचं काळं मनगट धरलं.

"आज न्हाई," ती म्हणाली.

"का गं? किती आनंद हुईल त्यांना."

"हुईल. उद्या हुईल." तिला माहीत होतं, अक्षताला खरंच आनंद होईल, रडेल ती. आणि मग म्हणेल, तुझा नमुना होता ना गं त्यात, आणि त्याचं उत्तर द्यावं लागेल. तेही द्यायचंच होतं. पण आधी एक काम होतं. आवाज किती मोठा आहे एवढंच बघून अडवायचं, हेच मुळात चुकत होतं. माणसाचा आवाज स्वतःलाच परत परत गिरवतो, तुकडा थोडा सरकवून त्याच्यावरच ठेवला तर जुळतो. प्रेसचा ठोका जुळत नाही. प्रेसच्या मोटरची गुणगुण जुळते, पण ती कितीतरी खालच्या पट्टीत, ती वेगळी काढता येईल. मग हळू बोलणारालाही गेट उघडेल. हे अक्षताला सुचलं नव्हतं. रुमानाला मघाशी पोर छातीशी धरून डोलवताना सुचलं होतं, आणि सुचल्यापासून तिच्या बोटांना चैन नव्हती.

"मी प्रोग्रॅम दुरुस्त करते," ती अजीमला म्हणाली. "तो तिला पाठवते आणि मग सांगते. माझा आवाज पण पाठवते त्याच्याबरोबर. आजचा दिवस राहू द्या."

"आणि रविवारचं? साताऱ्याचं?"

तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला. अजीमने फोन खिशात टाकला, पोरीला खाली ठेवलं आणि खाली गेला. जरा वेळाने प्रेस पुन्हा सुरू झाला, फडताळातली भांडी किणकिणू लागली. नूरीन वाट्यांपाशी जाऊन बसली, पाठ करून. रुमाना मागे सरकत गेली, पार भिंतीला टेकेपर्यंत, जितकं लांब जाता येईल तितकं. आणि तिने पुन्हा हाक मारली, खाली अजून गिऱ्हाईक होतं तरी.